सुवर्णभय

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, ही कथा आपल्याकडे मुलांना बाराखडीच्या पाठोपाठ सांगितली जाते. आम्हीही गेली तीस वर्षे वर्गात ती सांगत आलो आहोत. एकाग्रतेचा याहून सुटसुटीत धडा दुसरा सापडावयाचा नाही. परंतु धनुर्विद्येच्या मैदानावर असा एक विकार आहे की, ज्यात नेमके हेच घडते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, केवळ डोळा दिसतो. आणि तो दिसला रे दिसला की हात धनुर्धराचा राहत नाही! या विकाराला इंग्रजीत 'टार्गेट पॅनिक' असे नाव आहे. लक्ष्याचा मध्यभाग सोनेरी पिवळा असतो, म्हणून त्याला 'गोल्ड पॅनिक' असेही म्हणतात. आम्ही आमच्यापुरता 'सुवर्णभय' हा शब्द योजिला आहे. सोन्याचा मोह आपल्या चांगल्या परिचयाचा. सोन्याचे भय मात्र आम्हाला नवीन होते.

त्याची ओळख आम्हाला साताऱ्यास झाली. सातारा म्हटले की पूर्वी अजिंक्यतारा आणि कंदी पेढे आठवत. आता त्यांच्या जोडीला धनुष्यबाणही आठवू लागला आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उतरला आणि जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या गालसान बझारझापोव्ह या रशियन धनुर्धरास त्याने सरळ तीन सेटमध्ये हरविले. पुढे 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील सतरा वर्षांच्या अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरा हिच्यावर 149 विरुद्ध 147 गुणांनी विजय मिळविला व ती जगज्जेती झाली. पंधरा बाणांपैकी चौदा दहाच्या वर्तुळात, एक तेवढा नऊवर! त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने 150 पैकी 150 गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद पटकाविले. दोघेही साताऱ्यातील प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. पन्नास मीटरवरून पाहिले असता हे दहाचे वर्तुळ किती मोठे? आठ सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढे.

त्या ऑगस्टात साताऱ्यातील अनेक घरांत मुलींनी धनुष्याचा हट्ट धरला. आमची भाची त्यांपैकीच एक. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दोन वर्षे तिची प्रगती अशी झाली की, आमचे मेहुणे सांगलीस आमच्याकडे आले म्हणजे चहा निवायच्या आत गुणांचा कागद खिशातून बाहेर निघे. तिसऱ्या वर्षी मात्र ते कागद येईनासे झाले. चौकशी करता भगिनी एवढेच म्हणाली, "दादा, तिला काय झालंय ते तूच येऊन पाहा."

आम्ही गेलो आणि मैदानावर एका कडेला उभे राहून पाहिले. मुलगी धनुष्य ओढी. ओढण्यात काही उणे दिसत नसे. दृष्टीचा ठिपका खालून वर सरकत सोनेरी वर्तुळाजवळ येई आणि त्याच्या काठाशीच अडे. भिंतीला टेकलेल्या माणसास पुढे पाऊल टाकता येऊ नये, तसा तो ठिपका तेथून तसूभर वर चढत नसे. मग एखादे वेळी अंगाला झटका बसे व बाण भलतीकडे जाई. एखादे वेळी ठिपका सोन्याला शिवण्यापूर्वीच बोट कळ दाबून मोकळे होई. संध्याकाळी घरी परतताना ती म्हणाली, "मामा, मला सगळं येतंय हो. पण पिवळं दिसलं की हात माझा राहतच नाही."

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचून काढले, तेव्हा कळले की हा विकार नवशिक्यांपेक्षा जाणत्यांना अधिक गाठतो. अमेरिकेतील प्रख्यात शिकारी धनुर्धर फ्रेड बेअर यालाही त्याने सोडले नव्हते. इंग्लंडचा एरिक ब्रिस्टो हा डार्ट्सच्या खेळात पाच वेळा जगज्जेता झालेला; 1986 सालानंतर त्याच्या बोटांतून डार्ट सुटेना. गोल्फच्या खेळाडूंत तर या विकाराला स्वतंत्र नावच आहे. काहींच्या बाबतीत दोष मज्जातंतूंत असतो, काहींच्या बाबतीत चिंतेत, आणि पुष्कळांत दोहोंचे मिश्रण असते, असे वैद्यकाचे म्हणणे आहे. धनुर्धराच्या बाबतीत त्याची उपपत्ती सोपी आहे. हजारो वेळा सोने दिसणे आणि बाण सुटणे या दोन गोष्टी लागोपाठ घडतात. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकताच लाळ सुटे, त्याप्रमाणे नुसते सोने दिसणे हीच हाताला आज्ञा होऊन बसते. त्या आज्ञेला मन विरोध करू लागले की हात गोठतो. विरोध दुबळा पडला की बाण अवेळी सुटतो. इच्छाशक्ती वाढवावी, तर या झगड्याला अधिकच बळ मिळते. "मन घट्ट कर" हा आम्हा वडीलधाऱ्यांचा आवडता उपदेश येथे औषध नसून कुपथ्य आहे.

पक्ष्याचा डोळा टिपणाऱ्या अर्जुनाच्याच हातून पुढे कुरुक्षेत्रावर गांडीव गळू लागले, हे या संदर्भात आम्हाला वारंवार आठवले. त्याचे कारण निराळे होते. समोर आप्त होते आणि त्याचा प्रश्न धर्माचा होता. परंतु तोंडाला पडलेली कोरड, अंगाचा कंप आणि हातातून निसटणारे धनुष्य हे सारे मैदानावरील कोणत्याही मुलाला ओळखीचे वाटेल. त्याला मिळालेला उपदेशही, तत्त्वज्ञान बाजूला ठेवले तरी, उत्तम शिक्षकाचा आहे. फळावरची नजर काढ आणि कर्माकडे पाहा. आम्ही हे वाक्य शेकडो वेळा उच्चारले असेल. त्याचा शब्दशः प्रयोग मात्र साताऱ्याच्या मैदानावर पाहिला.

भाचीच्या शिक्षकांनी सांगितले, "सहा आठवडे टार्गेट बंद." निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. मेहुणे अस्वस्थ झाले. "परीक्षेच्या तोंडावर पुस्तक काढून घेण्यासारखं आहे हे," असे त्यांनी आम्हाला ऐकविले, आणि त्यांचे काही अगदीच चुकत नव्हते. एक वर्ष हुकणे म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय घराला चांगले ठाऊक असते. धनुष्याला लागलेला पैसाही थोडा नव्हता. त्या रात्री जेवणे होईपर्यंत वाद चालला. अखेर मुलगीच म्हणाली, "बाबा, यादीत नाव नको. मला माझा हात परत हवाय."

मग चिकित्सा सुरू झाली. चार पावलांवर फोमचा कोरा ठोकळा. त्यावर कागद नाही, रंग नाही. डोळे मिटून धनुष्य ओढावयाचे आणि पाठीचे स्नायू कसे आवळतात, खांदे कसे बसतात, एवढेच अनुभवावयाचे. कळीचे रिलीज काढून, पाठीच्या ताणाने आपोआप सुटणारे रिलीज तिला दिले, म्हणजे बाण केव्हा सुटेल हे तिचे तिलाच कळू नये. त्यानंतर कागद आला, पण बाण सोडण्याची मनाई झाली. ओढावे, ठिपका सोन्यावर ठेवावा, मनात पाच आकडे मोजावेत आणि बाण न सोडता धनुष्य हळूच उतरवावे. ऐकावयास हे सोपे वाटते. पहिल्या दोन दिवशी ती त्यापायी रडली. सोडलेल्या बाणांची गणती सारे जग करते. तिचे शिक्षक उतरविलेल्या बाणांची करीत. पुढे दहा मीटरवर मोठा कागद, मग वीस, मग तीस. मध्यंतरी कोणी हौसेने गुण मांडावयास घेतले आणि जुना झटका परत आला. तेव्हा पुन्हा कोरा ठोकळा! सहा आठवड्यांचे चार महिने झाले.

आमच्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि मराठी नाटकाचा आरंभ धनुष्याच्या कथेपासून झाला. येथील एका वृद्ध नटास आम्ही भाचीची हकीकत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, वाक्य विसरेल याचं भय नसतं. ते आता येणार, याचं असतं." तोंडी परीक्षेत मूक होणारे आमचे हुशार विद्यार्थी तेव्हा आम्हाला नव्याने समजले.

त्यानंतर एका लहान स्पर्धेत भाची उतरली. तिचा सातवा क्रमांक आला. आम्ही मेहुण्यांशेजारीच उभे होतो. शेवटच्या फेरीत घड्याळ चालू असता तिने धनुष्य ओढले, ठिपका सोन्यावर नेला, क्षणभर ठेवला आणि बाण न सोडता धनुष्य उतरविले. एक श्वास घेतला, पुन्हा ओढले, आणि या वेळी बाण गेला. तो नऊवर लागला. मेहुण्यांनी गुणांचा कागद मागितला नाही. परतताना ते आम्हाला एवढेच म्हणाले, "उतरवलं, पाहिलंत?"

दहा गुण मिळविणारे हात साताऱ्यात आता पुष्कळ आहेत. ओढलेले धनुष्य सर्वांच्या देखत उतरविणारा हात त्या दिवशी आमच्या घरात एक होता, आणि त्याचा आनंद आम्हाला कोणत्याही पदकाएवढा झाला.