भाड्याचा नवरा आणि गावाकडची वहिनी

गुरुदत्तचं नाव निघालं की लोक ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’बद्दल बोलतात. त्याच गुरुदत्तनं १९५५ साली ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हा हसरा सिनेमा काढला, तो मात्र सहसा कुणाला आठवत नाही. मिळाला तर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. नंतर भांडायलाही विषय मिळेल.

अनिता (मधुबाला) सत्तर लाखांची वारस. पण बापाच्या मृत्युपत्रातली अट अशी, की एकवीस वर्षांची झाल्यावर महिन्याभरात तिचं लग्न झालं पाहिजे. आत्या सीतादेवी पुरुषांच्या नावानं बोटं मोडणारी. ती प्रीतम नावाचा बेकार व्यंगचित्रकार पैसे देऊन नवरा म्हणून उभा करते. लग्न लावायचं आणि घटस्फोट घ्यायचा! प्रीतम म्हणजे खुद्द गुरुदत्त. चित्रं काढताना दिसणारा हात मात्र आर. के. लक्ष्मण यांचा. सीतादेवी झाल्यात आपल्या येवल्याच्या ललिता पवार. बाईंचा नुसता आवाज आला तरी आपण सावरून बसतो.

पुढे प्रीतम अनिताला पळवून गावाकडे भावाच्या घरी नेतो. तिथली वहिनी (कुमकुम) मुलंबाळं सांभाळत दिवसभर राबते. अनिता तिला विचारते, कंटाळा येत नाही? घरच्या कामाचा कसला कंटाळा, म्हणते. नवरा मारतो आणि मायाही करतो, हेही सहज सांगून टाकते.

इथं माझं या सिनेमाशी बिनसतं. कृषिविस्ताराच्या नोकरीत मी कितीतरी चुलींपाशी बसले. पेरणी-खुरपणीपासून गोठ्यापर्यंत सगळं बघणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई मला ठाऊक आहे. कंटाळा येतो का, हे मीही विचारलेलं आहे. आधी ती हसून टाळते. नवरा उठून गेला की बोलते.

हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. मुंबई प्रांतात तर घटस्फोटाचा कायदा १९४७ सालचा. सिनेमा त्याची थट्टा करतो आणि त्या थट्टेला साक्षीदार म्हणून आपल्या वहिनीला उभं करतो, हे मला पटत नाही.

तरीही प्रीतम आवडतो. अनिताला सुटायचं आहे असं वाटताच तो स्वतःविरुद्ध खोटे पुरावे आपणच देतो. सत्तर लाखांच्या घरात एवढं मोठं मन कुणाकडेच नाही. आणि अनिता विमानतळावर धावत येते तेव्हा आपणही मनातल्या मनात धावतो.

सिनेमा संपल्यावर घरातल्या बायकांना विचारा, त्या वहिनीचं बोलणं पटलं का. विचारून झालं की पुरुषांनी जरा ओसरीवर जाऊन बसावं.