फिरत्या नळ्यांवरचे गट्टे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीत शिकणारा आमचा नातू मित्रांसमवेत चित्रपट पाहण्यास गेला होता. परत आल्यावर हातपाय धुऊन तो सरळ आजीसमोर येऊन बसला आणि म्हणाला, “दादी, मी आज हॉट डॉग खाल्ला. व्हेजच होता. पण त्याच मशिनवर शेजारी चिकनचेही फिरत होते, हे खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आले.”

घरात क्षणभर कोणीच काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी हातातील माळ डबीत ठेवली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाल्या, “सांगितलेस, बरे केलेस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आयंबिल केले. कारण कोणाला सांगितले नाही. पण तेल, तूप, मिठाईवाचून एकदाच जेवणाऱ्या दादीकडे पाहताना नातवाच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरत नव्हता.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. याला रोलर ग्रिल म्हणतात. पोलादाच्या पाच, सात किंवा अधिक नळ्या शेजारी शेजारी आडव्या बसविलेल्या असतात. नळ्यांच्या आत विजेवर तापणारी कांडी असते आणि खालची मोटर साखळीच्या साहाय्याने सर्व नळ्या एकाच दिशेने सावकाश फिरवीत राहते. दोन नळ्यांमधील खाचेत ठेवलेला लांबट पदार्थ आपोआप लोळत राहतो आणि सर्व बाजूंनी सारखा भाजला जातो. मूळ योजना मांसाच्या पदार्थासाठी, त्यामुळे त्यातून सुटणारी चरबी खालच्या ताटलीत गळते. सगळीच मात्र गळत नाही. काही नळीवर पसरते, काही टोकाच्या फटीत साचते आणि चिमटा तर सर्वांना एकच असतो. शाकाहारी पदार्थ शेजारच्या नळीवर ठेवला म्हणून वेगळा राहत नाही. आपण पाकिटावरील चौकोनातला हिरवा गोल पाहून निश्चिंत होतो आणि तपकिरी त्रिकोण दिसला की पाकीट खाली ठेवतो. ते चिन्ह पाकिटातील वस्तूपुरते असते. ती वस्तू ज्यावर भाजली जाते त्या तव्याची हमी ते देत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण नातू नव्हता. बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या गावी अनेक वर्षे मी एकटा राहिलो. कार्यालयाजवळच्या उपाहारगृहात ज्या तव्यावर सहकाऱ्यांसाठी ऑम्लेट होत असे, त्याच तव्यावरचे टोस्ट सँडविच मी रोज खात असे. तवा मला समोर दिसत होता. सुट्टीत घरी आल्यावर आई विचारी, “जेवणाची सोय नीट आहे ना?” मी म्हणे, “आपल्या पद्धतीचीच आहे.” आई गेली, ते वाक्य तसेच राहिले. जे मी आयुष्यभर दडविले ते चौदा वर्षांच्या मुलाने घरात पाऊल टाकताच सांगून टाकले होते.

चार दिवसांनी सूनबाईंनी विषय काढला. “पप्पा, मुलांना बाहेर जाऊ नका असे किती दिवस सांगणार? ते मशिनच घरी आणू. काय भाजायचे ते आपल्या हाती राहील.” मला ते पटले. सौभाग्यवतींना पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की, प्रश्न केवळ स्पर्शाचा नाही. त्यांनी यशोधर राजाच्या कथेची आठवण दिली. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. प्रत्यक्ष जीव गेला नाही, तरी संकल्प हिंसेचा होता. म्हणून दोघांना अनेक जन्म तिर्यंच गतीत भोग भोगावे लागले. “मांसाच्या पदार्थाची हुबेहूब नक्कल करून मुलांना खाऊ घालायची, तर पिठाच्या कोंबड्यात आणि त्यात अंतर काय?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते.

अखेर दोन अटींवर त्यांनी संमती दिली. बाजारातील नकली सॉसेज घरात येणार नाहीत, आणि जे करू त्याला ते नाव द्यायचे नाही. पहिली अट तर व्यवहारानेही योग्य होती. ‘मीटलेस’ म्हणून मिळणाऱ्या अशा अनेक पदार्थांत लसूण-कांद्याची पूड असते आणि काहींत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा बलक घातलेला असतो. इंदूरच्या छप्पन दुकानातील प्रसिद्ध व्हेज हॉट डॉगमध्येही बटाट्याचीच टिक्की असते. म्हणजे कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांना तोही मार्ग बंद.

यंत्राच्या शोधात मी प्रथम सवयीने भांडी बाजारात गेलो. तेथून हॉटेलच्या सामानाच्या दुकानाचा पत्ता मिळाला. तेथे बंद पडलेल्या एका खाद्यगृहातील जुने यंत्र निम्म्या किमतीत मिळत होते. खोटे कशाला सांगू, माझ्यातील हिशेबनीस क्षणभर मोहात पडला. पण नळ्यांच्या टोकांशी असलेल्या सीलमध्ये जुना काळा थर दिसत होता. तो कोणत्या पदार्थाचा, हे विचारण्याची गरज नव्हती. ज्या कारणासाठी यंत्र घ्यायचे तेच कारण निम्म्या किमतीत विकले गेले असते. अशा वस्तू जुन्या घेऊ नयेत, हा माझा पहिला सल्ला.

नवीन घेताना कर्जप्रकरण तपासावे तशी मी यादी केली. चार-सहा माणसांच्या घराला पाच नळ्या पुरेशा आहेत. सात आणि अकरा नळ्यांची यंत्रे दुकानदारांसाठी. नळ्या साध्या पोलादाच्या किंवा न चिकटणारा लेप दिलेल्या मिळतात. लेपावर पदार्थ कमी चिकटतो, पण तारेच्या घासणीने तो खरवडला जातो. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा हात जोरकस, म्हणून मी साधे पोलाद निवडले. पुढच्या आणि मागच्या नळ्यांचे तापमान वेगवेगळे ठेवता यावे. म्हणजे मागे भाजून झालेले पुढे नुसते गरम राहते. यंत्र १००० वॉटचे आहे. पूर्ण जोरात तासभर चालले तर एक युनिट वीज, हा हिशेब सोपा. मात्र ते ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर दुसऱ्या उपकरणासोबत लावू नये; गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग चांगला.

शेवटची कसोटी सौभाग्यवतींची होती. त्या पर्समधून पुंजणी घेऊन आल्या होत्या. चूल अथवा गॅस पेटविण्यापूर्वी शेगडी पुंजून घ्यावी, एखादा सूक्ष्म जीव आत असेल तर तो हळुवार दूर व्हावा, ही जयणा त्यांनी सासूबाईंकडून घेतलेली. नळ्यांच्या खाली पुंजणी पोहोचते का आणि खालची ताटली पूर्ण बाहेर येते का, एवढेच त्यांनी पाहिले. दोन यंत्रे त्या परीक्षेत नापास झाली. तिसरे आम्ही घेतले. विक्रेता म्हणाला, “काकू, इतकी वर्षे विकतोय, पण हे कोणी तपासलेले पाहिले नाही.”

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून यंत्र वीस मिनिटे रिकामेच चालवावे. कारखान्यातील तेल जळून धूर निघून जातो. त्यानंतर सूनबाईंनी उकडलेली कच्ची केळी आणि पनीर मळून लांबट रोल केले. बांधणीला आरारूट घालणार होत्या, पण ते कंदापासूनच होते, म्हणून कॉर्नफ्लॉवर घातले. पाचव्या मिनिटाला रोलना भेगा पडल्या, दहाव्या मिनिटाला अर्धे खालच्या ताटलीत आणि अर्धे नळ्यांना चिकटलेले. मूळ पदार्थाला वरून आवरण असते, आपल्याकडे ते नाही, ही गोष्ट आम्ही कोणीच ध्यानात घेतली नव्हती. नातू हिरमुसला. मीही मनातल्या मनात किमतीचा आकडा आठवून गप्प बसलो.

तेव्हा चिमट्याने तुकडे वेचता वेचता सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे आधी उकडून घट्ट व्हायला हवे. गट्ट्यासारखे.” आणि स्वतःच थांबल्या. “गट्टेच का नाही लावत यावर?”

बेसनाचे गट्टे आपल्याकडे मारवाडातून आले. हिरवी भाजी न मिळणाऱ्या मुलखातील आणि तिथीच्या दिवशीची ही भाजी. बेसनाची लांब वळी करायची, पाण्यात उकडायची, मग चकत्या कापायच्या. ती वळी न कापता तशीच नळ्यांवर ठेवली की झाले. आमच्या स्वयंपाकघरात तो आकार पिढ्यान्‌पिढ्या होता. आम्हाला कोणाची नक्कल करावी लागली नाही आणि यशोधर राजाच्या कथेसमोर खाली पाहावे लागले नाही.

कृती अशी बसली आहे. दोन वाट्या बेसनाला पाव वाटी तेलाचे मोहन, ओवा, तिखट, हळद, हिंग, मीठ आणि तीन चमचे दही. दही आधी गरम करून घ्यावे. कच्चे दही बेसनात पडले तर द्विदळाचा दोष लागतो. पीठ घट्ट मळून अंगठ्याहून थोडी जाड, वीतभराहून कमी लांबीची वळी करावीत. फार बारीक केली तर दोन नळ्यांमधून खाली पडतात. उकळत्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे, म्हणजे वर तरंगून अंगावर बारीक फोड दिसेपर्यंत उकडावीत आणि पूर्ण थंड होऊ द्यावीत. यंत्र दहा मिनिटे तापवून वळ्यांना तेलाचा हात लावून वीस मिनिटे फिरवावीत. बाहेर खमंग कवच येते, आत मऊ राहतात. नुसत्या बेसनाची कोरडी वाटली तर एक उकडलेले कच्चे केळे कुस्करून घालावे. वरून टोमॅटोची चटणी चालते. दह्याचे मेयोनीज मात्र नको. तेथेही तोच द्विदळाचा प्रश्न.

पावाबाबत घरात दोन पंथ आहेत. नातू आणि सूनबाई हिरवे चिन्ह पाहून आणलेला पाव घेतात. सौभाग्यवतींना पावाचा त्याग आहे, त्या ताज्या फुलक्यात गुंडाळून खातात. मी कधी इकडे, कधी तिकडे. कोणी कोणाला टोकत नाही.

काम झाल्यावर प्लग काढावा. नळ्या कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसाव्यात, यंत्र नळाखाली कधीही धरू नये. आणि वेळेचे भान ठेवावे. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. नातू पाचला शाळेतून येतो. चौविहार सांभाळायचा तर साडेचारला वळी उकडून तयार हवीत. हे काम आता माझ्याकडे आहे. ज्या जिल्ह्यात लासलगावसारखी कांद्याची बाजारपेठ आहे, तेथे कांद्या-लसणावाचूनचे हे ‘फिरते गट्टे’ खाण्यासाठी नातवाचे मित्र शनिवारी आमच्याकडे जमतात. त्यांतील बहुतेक जैन नाहीत. पुंजणी कशासाठी, हे नातूच त्यांना समजावून सांगतो.

पर्युषणात यंत्र धुतलेल्या चादरीत बांधून माळ्यावर गेले. चढविले नातवानेच, त्याला कोणी सांगितले नव्हते. संवत्सरीला प्रतिक्रमण आटोपून घरी आलो, सर्वांनी एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. नातू माझ्या पाया पडला तेव्हा मी त्याला उठवून जवळ बसविले आणि सौभाग्यवतींसमोर त्या उपाहारगृहाची, त्या तव्याची आणि आईला दिलेल्या उत्तराची गोष्ट प्रथमच सांगितली.

नातू पाहत राहिला. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “मला ठाऊक होते. दर खेपेला डबा भरून खाकरे द्यायचे, आणि तुम्ही अर्धे तसेच परत आणायचा.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते,” त्या म्हणाल्या आणि पारण्यासाठी मूग भिजत घातले आहेत का ते पाहायला आत गेल्या.