जागा भाड्याने देणे आहे

मुकुंदवाडी स्थानकाजवळच्या एका दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी पाहून मी आत शिरलो. मालकांनी चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मग अगदी सहज विचारले, "आपण आडनाव काय म्हणालात?" वास्तविक मी काही म्हणालोच नव्हतो. सांगितले, तेव्हा आदल्या दिवशीच खोली एकास कबूल केल्याचे त्यांस आठवले.

परतताना मला लीआ गोल्डबर्ग (१९११–१९७०) या हिब्रू कवयित्रीचे एक बालपुस्तक आठवले. मला हिब्रू येत नाही. इंग्रजी भाषांतरावरून मी ते घरी मुलांस सांगत असतो. नावच मुळी त्या पाटीवरचे : 'दिरा लेहास्कीर', म्हणजे जागा भाड्याने देणे. पाच मजली मनोऱ्यात कोंबडी, कोकिळा, काळी मांजर आणि खार राहतात. पाचव्या मजल्यावरचे उंदीरमहाशय बिऱ्हाड मोडून गेले, म्हणून पाटी लागते. (ते का गेले हे बाई सांगत नाहीत, मला तिसऱ्या मजल्याचा संशय आहे.) येणाऱ्यांस खोल्या आवडतात, शेजार आवडत नाही. मुंगीस कोंबडीचा आळस खपत नाही, तर पोरे परक्या घरट्यात टाकणाऱ्या कोकिळेचा शेजार सशिणीस नको. पांढऱ्या डुकरास काळ्या मांजरीजवळ राहणे कमीपणाचे वाटते. त्याला मात्र सारे मिळून हाकलतात. बुलबुलास खारीचे अक्रोड फोडणे सोसत नाही. शेवटी कबुतरी येते. तिला खोल्या अरुंद वाटतात. पण शेजारी चांगले, म्हणून ती राहते.

इतकी वर्षे ही गोष्ट सांगूनही एक गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती. त्या मनोऱ्यात नव्या बिऱ्हाडकरूस कोणी कुळ विचारीत नाही. डुकरालाही आधी खोल्या दाखवतात. हाकलतात ते त्याने तोंड उघडल्यावर.

ज्या देशातील मुले हे पुस्तक वाचत वाढली, तेथेही सदैव असे घडले नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मगुरूंच्या मंडळाने त्यांच्या विवाहाआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला. माहेरची मराठी बोलणाऱ्या या मंडळींना निदर्शने करावी लागली. १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्यांस हे कोणी सांगावे लागावे!

मला खोली पुढे दुसरीकडे मिळाली, अरुंद आहे. स्थानकाकडे जाताना महिनाभर ती पाटी मात्र मी रोज पाहत होतो.