बरोबर आलेले प्रश्न

रविवारी सराव पेपर संपला की मुलं आधी उत्तरतालिका मागतात. मी ती लगेच देत नाही. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पेपर 100 प्रश्नांचा, दोन तासांचा. डोकी शिणलेली असतात. तरी चहा पिऊन सगळे परत बसतात आणि प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करतात : 'ख' म्हणजे खात्री, 'दो' म्हणजे दोन पर्यायांत अडकलो, 'तु' म्हणजे तुक्का. तालिका पाहिल्यावर किती खात्री होती ही आठवण खरी राहत नाही.

मी परीक्षा देत होतो तेव्हा पेपर तपासायचो, गुण वहीच्या मागच्या पानावर टाकायचो आणि पुढचा पेपर घ्यायचो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत टेबलाखालचा गठ्ठा गुडघ्याला लागू लागला. गुण होते तिथेच राहिले.

आता आम्ही प्रथम 'ख' लिहून चुकलेले प्रश्न काढतो. 'भीमा महाराष्ट्रातच कृष्णेला मिळते' हे विधान परवा एकानं बरोबर धरलं. संगम आहे रायचूरजवळ, कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर. चुकण्याचं कारण म्हणून त्यानं लिहिलं, 'भूगोल कच्चा'. मी ते खोडायला लावलं. भूगोल कच्चा म्हटलं की अख्खं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. इथे नजरेतून निसटला तो एक 'च'. त्यावर थांबला असता तर नकाशा आठवला असता. कारण नेमकं सापडलं की उपाय छोटा होतो.

मग बरोबर आलेल्या प्रश्नांकडे वळायचं. तिथे सगळे कुरकुरतात. चुकलं तर दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण कापला जातो, म्हणून चूक टोचते. चुकीच्या वाटेनं आलेलं बरोबर उत्तर मात्र गुण देऊन गप्प बसतं.

राज्याची मंत्रिपरिषद सामूहिकरीत्या कोणाला जबाबदार? एका मुलीनं 'विधानसभा' निवडलं होतं, पुढे 'ख'. का, असं विचारलं. "सर, विधान परिषद सगळ्या राज्यांत नसते ना, म्हणून."

"मग केंद्रात? राज्यसभा तर कायमच असते."

ती गप्प झाली. लोकांनी थेट निवडलेलं सभागृह आणि त्याच्या हाती असलेला अविश्वास ठराव, इथपर्यंत ती स्वतःच पोचली. मग तिनं 'ख' खोडला, 'तु' लिहिलं आणि वरचा प्रश्न पुन्हा वाचायला घेतला. तोही बरोबर आलेला होता.