आमच्या लाल डब्याचा मेकओव्हर

आमच्या घरात एक लाल मारुती 800 आहे. 1997 सालची. मीसुद्धा 1997 चीच. लोकांना जुळी भावंडं असतात, मला जुळी गाडी आहे. हॉस्पिटलमधून मला घरी आणलं तेही तिच्यातूनच, आणि हे बाबांनी मला आजवर किमान पाचशे वेळा ऐकवलंय. सोसायटीतली पोरं तिला ‘लाल डब्बा’ म्हणतात. एसटीनं वाईट वाटून घेऊ नये.

दर रविवारी सकाळी पिवळं फडकं, अर्धी बादली पाणी आणि रेडिओ घेऊन बाबा तिच्यापाशी. हा कार्यक्रम मागच्या दिवाळीपर्यंत अगदी व्यवस्थित सुरू होता. मग बाबांना पॅरालिसिसचा माइल्ड अ‍ॅटॅक आला. ‘माइल्ड’ हा डॉक्टरांचा शब्द. उजव्या हाताची पकड गेली आणि ड्रायव्हिंग बंद झालं. फिजिओथेरपिस्टनं दाबायला एक स्मायलीवाला बॉल दिला होता, तो बाबांनी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. रविवारचं फडकंही बंद. गाडी पार्किंगच्या ज्या कोपऱ्यात उभी आहे तिथे दुपारभर ऊन. सहा महिन्यांत बॉनेट आणि छप्पर लालचं गुलाबी झालं, तेही खडू फासल्यासारखं.

एक दिवस जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, “स्क्रॅपला देऊन टाकू. नाही तरी 2027 ला परत पासिंग आहे. रंग उडालेल्या गाडीला कोण विचारतं?”

ते गाडीबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं. आईलाही कळलं. ती उगाच आणखी भात वाढायला लागली.

तर मंडळी, इथून सुरू होते एका मास कॉम झालेल्या, आयुष्यात अ‍ॅक्टिव्हाशिवाय काहीही न चालवलेल्या मुलीची पॉलिशर-यात्रा.

पहिलं पाऊल डीटेलिंग स्टुडिओ. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी आणि कोटेशन 9 हजार! शिवाय “मॅडम, एवढ्या जुन्या गाडीला गॅरंटी देता येणार नाही.” फ्रीलान्सर माणसासाठी 9 हजार म्हणजे दोन मोठ्या स्टोऱ्यांचं मानधन, तेही तीन महिन्यांनी हातात पडणारं. मी कॉफी संपवून निघाले. मग डोक्यात आलं, मशीनच घेतलं तर? वर्षातून दोनदा वापरायचं, बजेट 6 हजार, बास.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियन दादांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, कशाला खर्च करता? माझ्याकडे ग्राइंडर आहे. त्याला फोमचा पॅड लावून देतो.” बरं झालं मी आधी थोडा गृहपाठ केला होता. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. तो लोखंड कापायला बनलेला आहे. पॉलिशिंगला त्याच्या पाव वेगाचीही गरज नसते. ड्रिलला पॅड लावायची आयडियाही तशीच बाद. धरायला अवघड आणि पॅड एकाच जागी गरगरत राहणार.

मग गाठली बोहरी आळी. पुणेकरांना सांगायला नको, हार्डवेअरमधलं जे तिथे मिळत नाही ते बहुधा अस्तित्वातच नसतं. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “गाडी मिस्टरांची का?” मी म्हटलं, “नाही, जुळ्या बहिणीची.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

एकूण तीन प्रकारची मशीन्स समोर आली आणि इथे फंडा क्लिअर व्हायला हवा. पहिलं रोटरी. त्यात पॅड एकाच आसाभोवती फिरतो. ताकद भरपूर, काम फास्ट, स्वस्तही मिळतं. म्हणून गॅरेजवाले तेच वापरतात. पण एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात की उष्णता वाढते आणि कडांवरचा रंग थेट पत्र्यापर्यंत जाऊ शकतो. हात बसलेल्या माणसाचं ते हत्यार आहे.

दुसरं टोक म्हणजे मोठ्या गोल पॅडचा, मोज्यासारखं कापड चढवायचा वॅक्सर. सगळ्यात स्वस्त आणि हलका. त्यानं वॅक्स छान पसरतं, पण ओरखडे किंवा मेलेला रंग काढण्याइतका दम त्याच्यात नसतो. गुलाबी बॉनेट त्यानं चमकदार गुलाबी झालं असतं.

तिसरं, ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय हेलकावेही घेतो. पृथ्वी कशी स्वतःभोवतीही फिरते आणि सूर्याभोवतीही, तसं. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जास्त दाबलंत तर पॅडचं फिरणंच थांबतं. म्हणजे चूक झाली की मशीन बिचारं स्वतः माघार घेतं. माझ्यासारख्या नवशिक्यासाठी याहून चांगली गोष्ट कोणती?

डीए घ्यायचं ठरल्यावर चार गोष्टी बघितल्या. एक, स्पीडचा डायल हवा आणि सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे बटण दाबताक्षणी पॉलिश तोंडावर उडत नाही. दोन, ‘थ्रो’, म्हणजे हेलकावा किती मोठा. 21 मिलिमीटरवालं सपाट, मोठ्या गाड्यांवर झपाझप काम करतं, पण महाग. आमच्या डब्याएवढ्या गाडीला 15 पुष्कळ झाला. तीन, मागची प्लेट पाच इंची आणि वेल्क्रोची, म्हणजे नवे पॅड कुठेही मिळतात. चार, वजन. हे दुकानात हात लांब करून दोन मिनिटं धरून बघाच. वॉटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. सातशे-आठशे वॉटचं मशीन घरच्या साध्या सॉकेटवर आरामात चालतं.

एक गोची मात्र मी ऐनवेळी ओळखली. सगळं बजेट मशीनवर उडवायचं नाही! पॅड, पॉलिश आणि मायक्रोफायबरची फडकी यांचा खर्च वेगळा. एकाच पॅडवर अख्खी गाडी होत नाही, तो भरतो, गरम होतो. मी 4 हजार 200 चं मशीन घेतलं आणि उरलेल्या पैशात चार फोमचे पॅड, पॉलिशची बाटली, सहा फडकी, मास्किंग टेप.

रविवारी सकाळी सातला मी पार्किंगमध्ये. गाडी धुतली, कोरडी केली. काळ्या रबरांना आणि कडांना टेप लावला, कारण पॉलिशचे पांढरे डाग रबरावरून जाता जात नाहीत. प्लेटवर मार्करनं एक रेघ मारली. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, थांबली तर मी जास्त दाबतेय. मग दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, पॉलिशचे चार-पाच थेंब, आधी कमी स्पीडवर पसरवलं, मग वाढवला. उभे, आडवे, सावकाश हात.

मिनिटाभरानं पॅड उचलला आणि माझ्या पोटात गोळा आला. पॅड लालभडक!

गाडीचा रंगच निघून येत होता. बाबांची गाडी मी सोलून काढतेय असं वाटलं. हात थरथरत होते. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, “अगं, त्या रंगावर क्लिअर कोट नाहीये. लाल येणारच. थांबू नकोस.”

बाबा! कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. पण त्यांचं बरोबर होतं. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. म्हणून तिथे जपून. जुन्या गाड्यांच्या मेटॅलिक नसलेल्या साध्या रंगांवर बऱ्याचदा तो नसतोच. उन्हानं मेलेला वरचा थर पॅडवर येतो आणि खालचा जिवंत रंग उघडा पडतो. मी फडक्यानं पुसलं. दोन फुटांचा चौकोन लालचुटूक. आजूबाजूला गुलाबी.

“वायर खांद्यावरून घे,” वरून पुढची सूचना. “बॉनेटला घासतेय.”

“बाबा, तुम्हाला एवढं दिसतंय तर खाली या ना!”

उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी लिफ्टचा दरवाजा वाजला. बाबा एक-एक पाऊल टाकत आले. डाव्या हातात काठी. उजव्या हातात, खरं तर उजव्या हाताच्या तीन बोटांत, ते जुनं पिवळं फडकं.

“ते नको,” मी म्हटलं. “ओरखडे पडतात. हे घ्या मायक्रोफायबर.”

“28 वर्षांत नाही पडले,” असं म्हणाले, पण घेतलं. मग मी मशीन चालवायचं आणि त्यांनी मागून पुसायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, तसं सुरू झालं. फडकं चारदा खाली पडलं. दोनदा मी उचललं, दोनदा त्यांनी मला हातानंच ‘थांब’ केलं. गोल-गोल, हळूहळू, उजव्या हातानं. त्या हातानं इतका वेळ काही धरलेलं मी दिवाळीनंतर पहिल्यांदा बघत होते.

खोटं कशाला सांगू, शोरूम फिनिश वगैरे काही आलं नाही. नखाला लागतील इतके खोल ओरखडे पॉलिशनं जात नाहीत, ते आहेत तिथेच आहेत. डाव्या दारावर सायकलच्या हँडलनं मी पाचवीत मारलेलाही आहे. साडेअकराला ऊन आलं तेव्हा बॉनेट आणि दोन दारं झाली होती. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश करायचं नसतं, म्हणून मशीन बंद केलं. गाडी अर्धी लाल, अर्धी गुलाबी, अगदी कलिंगडासारखी. वॉचमन काका हसले. बाबाही हसले.

“छप्पर राहिलं,” ते म्हणाले.

“पुढच्या रविवारी.”

“सातला नको, सहाला सुरू करू. ऊन लवकर येतं.” मग लिफ्टची वाट बघता बघता वळून गाडीकडे बघितलं. “आणि 2027 च्या पासिंगच्या आधी टायर बदलावे लागतील. बघून ठेव.”

स्मायलीचा बॉल अजून ड्रॉवरमध्येच आहे. टायरचे भाव मात्र मी काढलेत.