थॉमस मर्टन: मौनव्रती लेखक

थॉमस मर्टन यांचा जन्म १९१५ साली फ्रान्समधील प्राद येथे झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा तरुण १९४१च्या डिसेंबरमध्ये केंटकीतील गेथसेमनी मठात दाखल झाला. ट्रॅपिस्ट पंथाचा हा मठ. तिथे बोलणे जवळपास वर्ज्य. संन्यासी हातांच्या खुणांनी कामापुरते सांगत. मध्यरात्र उलटल्यावर प्रार्थनेला उठायचे, मग शेतात राबायचे. यातून उरलेल्या थोड्या वेळात मर्टन टंकलेखन यंत्रावर लिहीत. मठाधिपतींनीच त्यांना आत्मचरित्र लिहायला लावले. ते १९४८मध्ये आले, लाखोंनी खपले, आणि एकांत शोधायला आलेला माणूस जगप्रसिद्ध झाला. हा ताण त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. त्यांच्या रोजनिशीचा खरा जिवंतपणाही त्यातच आहे.

त्यांचे लेखन पंथाच्या परीक्षकांकडून तपासूनच छापले जाई. १९६२मध्ये युद्ध आणि अण्वस्त्रांवर लिहायला वरिष्ठांनी मनाई केली. मर्टन यांनी आज्ञा मानली, पण त्या विषयावरची पत्रे चक्रमुद्रित होऊन हातोहात फिरत राहिली. आज्ञापालन आणि विवेक दोन्ही सांभाळण्याची ही धडपड फार मोलाची वाटते. १९६५मध्ये त्यांनी गांधीजींच्या अहिंसाविचारांचे संकलन केले. त्याच वर्षी ते मठाच्या आवारातील छोट्या कुटीत एकटे राहू लागले.

१९६८मध्ये ते भारतात आले; धरमशाळेत दलाई लामांशी त्यांची चर्चा झाली. पुढे बँकॉकजवळ भरलेल्या परिषदेच्या वेळी, १० डिसेंबरला, त्यांचा अपघाती मृत्यू झाला. मृत्यूनंतर पंचवीस वर्षे रोजनिशी छापू नये, अशी अट त्यांनी घातली होती. ती पाळून १९९५पासून तिचे सात खंड प्रसिद्ध झाले.