तेलाची गाळणी

साब ९-५ या स्वीडिश मोटारीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे कौतुक होते ते त्याच्या जोमाचे: चार सिलिंडर, २.३ लिटर, आणि ‘एअरो’ आवृत्तीत आरंभी २३० अश्वशक्ती. मला त्याची गाळणीच अधिक बोलकी वाटते. २००३ पर्यंतच्या इंजिनांत क्रँककेसमधील वाफा बाहेर काढण्याची व्यवस्था तोकडी होती. त्यात तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑइल चेंबरच्या निकट. तेल करपे, दिवाळीनंतरच्या कढईतल्यासारखा काळा चिकट गाळ साचे, पंपाच्या तोंडावरील गाळणी बुजे. मग बेअरिंगे उपाशी, टर्बोही उपाशी. तेलाचा दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. या वयाची गाडी घेणाऱ्याने (आणि ती प्रेमापोटीच घेतली जाते) आधी चेंबर उतरवून गाळणी पाहावी. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर माझी फारशी श्रद्धा नाही.